चिवड्याची बरणी आणि पहिला शब्द

माझा लेक चौथं लागलं तरी बोलत नव्हता. ऑटिझमचं निदान झालं, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी त्याचे कान तपासून घेतले. तुम्हीही तेच आधी करा.

मग प्रश्न कमी करा. "हे काय आहे? सांग ना!" असा मी दिवसभर भडिमार करायचे आणि तो तोंड फिरवायचा. त्यापेक्षा तो बघतोय त्याचंच नाव घ्या. तव्यावर पोळी फुगली की नुसतं "फुगली!" मग गप्प राहून मनात दहापर्यंत मोजा. हे थांबणंच फार जड जातं.

आवडीचा चिवडा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. त्याने बरणी तुमच्या हातात आणून दिली, तरी ते मागणंच आहे. "उघड" म्हणा आणि लगेच द्या. शब्दासाठी अडवून धरू नका.

पाणी हवं असताना तो तुमचंच "तुला पाणी हवंय?" परत म्हणतो? रागावू नका, तो मागतोय. त्याच्या बाजूने "मला पाणी हवंय" म्हणा आणि पेला पुढे करा.

हवी ती वस्तू बोट ठेवून मागायच्या चित्रांच्या कार्डांनी बोलणं अडतं, ही भीती मलाही घातली गेली होती. तसं होत नाही. त्याचं पहिलं "दे" चिवड्याच्या कार्डावर बोट ठेवूनच आलं.