फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉप घेताय? मग मॉनिटरपासून सुरुवात करा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, 'फोटो एडिटिंगसाठी पीसी हवाय' म्हटलं की दुकानदार आधी ग्राफिक्स कार्ड दाखवतो, मग दिवे लुकलुकणारा कॅबिनेट, आणि पैसे संपत आले की म्हणतो, "मॉनिटर काय, कुठलाही चालेल." त्याचं ऐकू नका. बजेटचा साधारण तिसरा हिस्सा मॉनिटर आणि कॅलिब्रेशनसाठी (स्क्रीनचे रंग मोजून नीट लावण्यासाठी) आधीच बाजूला काढा. डबा, म्हणजे कॅबिनेट आणि त्यातलं सगळं, उरलेल्या पैशात बसवायचा.

डबा

प्रोसेसर चालू किंवा मागच्या पिढीतला, सहा ते आठ कोअरचा पुरे. इंटेल घेताना एक बघा: नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड नंतर घेऊ म्हणाल, तर तोवर स्क्रीन काळीच राहील.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. आज जमत नसेल तर १६ ची एकच घ्या आणि स्लॉट मोकळा ठेवा.

१ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क): विंडोज, लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटो आणि एडिटच्या नोंदींची फाइल) आणि चालू काम तिच्यावर. जुन्या लग्नांचे फोटो साध्या हार्ड डिस्कवर, पण दोन प्रतींत.

ग्राफिक्स कार्डाची घाई नको. लाइटरूमचं एआय डिनॉइज (फोटोतले दाणे घालवणारं टूल) रोज वापरत असाल तर ८ जीबी मेमरीचं कार्ड घ्या. नुसतं कलर करेक्शन आणि क्रॉपिंग असेल तर अंगच्या ग्राफिक्सवर वर्षभर सहज निघतं.

मॉनिटर

इथे मी सपशेल आपटलोय. सुरुवातीला एक वक्र गेमिंग मॉनिटर घेतला होता. स्क्रीनवर नवरीची मोरपंखी पैठणी झळाळत होती. अल्बम छापून आला तेव्हा पैठणी काळपट आणि मंडपातले सगळे चेहरे सावळे. मी लॅबवाल्याशी कचाकचा भांडलो. त्याने शांतपणे विचारलं, "ब्राइटनेस किती ठेवता?" शंभर टक्के! स्क्रीनच इतकी उजळ, की मी प्रत्येक फोटो नकळत गडद करत बसलो होतो. अल्बम पुन्हा छापला, अर्थातच माझ्या खर्चाने.

तेव्हा पॅनल आयपीएस प्रकारचं घ्या, त्यात बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर मान जरा हलली की गडद छटा बदलतात. एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा सर्वसाधारण प्रमाण रंगपट्टा) ९९-१०० टक्के हवं, आणि बहुतेक लॅबना फाइल एसआरजीबीतच लागते. ॲडोब आरजीबीचा (त्याहून मोठ्या रंगपट्ट्याचा) महाग मॉनिटर मोठ्या फाइन आर्ट प्रिंटवाल्यांनी घ्यावा. बजेट तंग असताना त्या मोहात पडू नका. खोक्यावर '७२ टक्के एनटीएससी' (रंगपट्टा मोजायचं जुनं टीव्हीचं माप) लिहिलं असेल तर ते साधारण पूर्ण एसआरजीबीइतकं होतं. '४५ टक्के' दिसलं की खोका खाली ठेवा. आकार २७ इंच, २५६० बाय १४४०. त्याच आकारात फुल एचडी घेतलात तर अक्षरं आणि कडा खडबडीत दिसतील. रिफ्रेश रेटला (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं त्याला) आपल्या कामात काडीची किंमत नाही.

पण चांगला मॉनिटरसुद्धा खोक्यातून बाहेर आला तसा वापरायचा नसतो. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवर ठेवून रंग मोजणारं छोटं यंत्र, विकत घ्या, किंवा दोघा-तिघा फोटोग्राफर मित्रांत एक घ्या. महिन्यातून एकदाच लागतो. स्क्रीन अर्धा तास तापू द्या, मग कॅलिब्रेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२ आणि ब्राइटनेस दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला ठेवा. पहिल्या दिवशी स्क्रीन मिणमिणती वाटेल. वाटू द्या, चार दिवसांत डोळे सरावतात. विंडोजचं नाइट लाइट आणि मॉनिटरचं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, ती रंग आणि उजेड आपोआप बदलतात. पाठीमागे भगवी किंवा पोपटी भिंत असेल तर डोळा फसतो. करडी किंवा पांढरी बरी.

मग हळदीचा, मुहूर्ताचा आणि रात्रीच्या रिसेप्शनचा असे तीन फोटो लॅबकडून छापून आणा. ऑटो करेक्शन बंद ठेवायला निक्षून सांगा, नाहीतर तुम्ही तुमचा मॉनिटर नाही, त्यांचं मशीन तपासताय. प्रिंट खिडकीच्या उजेडात धरून स्क्रीनशी ताडून पहा. जुळले तरच अल्बमची ऑर्डर घ्या.

वीज

एसएमपीएस (डब्यातला वीजपुरवठा देणारा भाग) नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस ब्राँझ' हे कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला. आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून यूपीएस घेतलाच पाहिजे. कॅटलॉग सेव्ह होत असताना दिवे गेले की काय होतं, ते एकदा भोगलंय.