पाणी अडवलं, तरी भांडणं का थांबत नाहीत? गावांनी या चुका टाळा

पावसाचं पाणी अडवून मुरवणारे समतल चर खणायला अख्खं गाव लोटतं. टिकाव, घमेली, हलगी, फोटो, सगळं यथासांग होतं. पुढच्या पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरतात आणि दोन वर्षांत गावात पहिल्यापेक्षा जास्त पाण्याच्या मोटारी बसतात. मग एका वर्षी पाऊस ओढ देतो. ज्यांनी शेजारी उभं राहून चर खणले तेच आता एकमेकांच्या पाइपलाइनीवर नजर ठेवून असतात. गावाने पाणी अडवायचं मिळून ठरवलं होतं. ते उपसायचं कसं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

हवामान बदलाने ही उणीव उघडी पाडली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे वर्षाचा आकडा तेवढाच दिसतो, पण पाऊस चार दिवसांत कोसळून जातो आणि मधले आठवडे कोरडे. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर, धाराशिव, बीड भागात पुराने शेतातली माती खरवडून नेली. अशा पावसात ‘आमच्याकडे सरासरी अमुक पडतो’ या भरवशावर पाण्याची वाटणी होऊच शकत नाही.

बैठक मार्चमध्ये घेऊ नका

बहुतेक गावांत पाण्याची पहिली गंभीर चर्चा मार्च-एप्रिलमध्ये होते. तोवर ऊस कमरेएवढा झालेला असतो, उन्हाळी कांदा लागलेला असतो, खताची उधारी डोक्यावर असते. त्या वेळी ‘मोटार बंद कर’ म्हणणं म्हणजे ‘कर्ज बुडव’ म्हणण्यासारखं. कोण ऐकेल? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावाच्या दृष्टीने यातला ऑक्टोबर महत्त्वाचा. पाऊस संपलेला असतो, जमिनीत काय आहे ते कळलेलं असतं आणि रब्बीची पेरणी अजून व्हायची असते. ग्रामसभा तेव्हाच घ्या.

पण खरी मेख त्याच्याही पुढे आहे. वाईट वर्षाचा नियम चांगल्या वर्षीच ठरला पाहिजे. विहिरी भरलेल्या असताना नेमका कुणाचा तोटा होणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून माणसं न्यायाने बोलतात. टंचाई दारात आली की प्रत्येकाला आपला गट नंबर दिसू लागतो.

खानदेश आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं चाललेली फड पद्धत याच समजुतीवर उभी होती. बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांमध्ये, विभागलेलं असे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. नदीला पाणी कमी असेल, तर या हंगामात किती फड भिजवायचे हे आधीच ठरे. बहुतेकांची जमीन दोन-तीन फडांत विखुरलेली असल्याने एक फड बंद राहिला तरी त्याची झळ थोडीथोडी सगळ्यांना बसे, एकाच घराची राख होत नसे. शिवाय पाणी शेतकरी स्वतः फोडून घेत नसे. ते काम पाटकऱ्याचं. राखणीला जागल्या असे आणि त्यांचा मोबदला धान्यात मिळे. मला ही तरतूद सगळ्यात शहाणपणाची वाटते. पाणी वाटणारा आणि पाणी घेणारा वेगळा ठेवला, की अर्धी भांडणं जन्मालाच येत नाहीत.

अंदाजपंचे ताळेबंद मांडू नका

पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि किती वापरायचं याचा हिशोब, हा शब्द आता गावोगावी पोचला आहे. भिंतीवर रंगवलेला तक्ताही असतो. त्यातले आकडे मात्र अनेकदा वरून आलेले असतात आणि गावात कुणालाही समजावून सांगता येत नाहीत. प्रत्यक्षात हिशोब सातवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. एक हेक्टरवर एक मि.मी. पाऊस पडला तर तो दहा हजार लिटर.

समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मि.मी. एकूण ४०० कोटी लिटर. यातलं बरंचसं वाहून जातं, उडून जातं, पिकं आणि माती पितात. आपल्या काळ्या कातळात मुरून विहिरीपर्यंत पोचणारं पाणी दहावा हिस्सा धरलं, तर हाती उरतात ४० कोटी. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला चार कोटी. हजार जनावरं, रोज ५० लिटर: जवळपास दोन कोटी. राहिले ३४ कोटी.

आता पिकं. मोकाट पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागतात. सतरा हेक्टर ऊस झाला की शिल्लक संपली. (दिलेल्यातलं थोडं पाणी पुन्हा मुरतं हे खरं, पण तेवढ्याने हिशोब बदलत नाही.) हेच ३४ कोटी दोन पाण्यावरच्या हरभऱ्याला दिले, एक पाणी ६० मि.मी. धरलं, तर २८० हेक्टर भिजतात. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडून बघा. ‘ऊस बंद करा’ असं भाषण द्यावं लागत नाही. सतरा हेक्टर कुणाचे आणि २८० कुणाचे, हा प्रश्न लोकच विचारतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे सहली जातात. सहलीत लोक चर आणि झाडं बघून येतात. त्या गावाचं मर्म बघायचं तर ते दरवर्षीच्या ताळेबंदात आहे: पाऊस मोजायचा, ग्रामसभेत मांडायचा, आधी प्यायचं पाणी बाजूला काढायचं, मग पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा तिथला नियम पोपटराव पवारांच्या कुठल्याही बंधाऱ्याइतकाच कामाचा ठरला आहे.

घाम सगळ्यांचा, पाणी विहीरवाल्यांचं

ही चूक कुणी बोलून दाखवत नाही, पण गावकी फुटते ती इथेच. श्रमदानाला भूमिहीन मजूर येतात, बाया येतात. मुरलेलं पाणी मात्र ज्याची नाल्याकाठी विहीर त्याच्या मोटारीतून वर येतं. दुसऱ्या वर्षी श्रमदानाला माणसं का कमी आली, याचं उत्तर सरपंचांनी घरोघरी जाऊन विचारावं. ‘आळस’ हे उत्तर मिळणार नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचे नियम आजही वाचले तर दचकायला होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस घ्यायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी भरायचा.

या प्रयोगाचं कौतुक पन्नास वर्षं होत आलं आहे, अनुकरण फार थोडं झालं. जमिनीबरोबर पाणी येतं असं मानणाऱ्या समाजाला ते पचायला जड आहे. पूर्ण जमत नसेल तर निदान एवढं करा: गावतळ्यातल्या मासेमारीचा ठेका भूमिहीनांच्या गटाला द्या, चराईबंद क्षेत्रातलं गवत कापण्याचा पहिला हक्क त्यांचा ठेवा, आणि उन्हाळ्यात मजूरवस्तीचा हातपंप कोरडा पडण्याआधी आजूबाजूच्या मोटारी कुणी, कुठल्या पातळीला थांबवायच्या हे नावानिशी लिहून ठेवा.

प्रत्येक शेततळं म्हणजे जलसंधारण नव्हे

पावसाचं वाहतं पाणी साठवणारं शेततळं उपयोगाचं. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरून, बोअरचं पाणी उपसून भरलेलं शेततळं म्हणजे सामाईक पाणी उचलून खाजगी तिजोरीत ठेवणं. त्यातही ते उन्हात उघडं पडतं. ३० बाय ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ मि.मी. पाणी उडालं, तर रोज सात हजार लिटरच्या वर गेले. जमिनीखाली असतं तर राहिलं असतं. शेजाऱ्याने तळं भरलं म्हणून दुसराही भरतो, कारण आपण थांबलो तर पाणी वाचत नाही, ते फक्त त्याच्या तळ्यात जातं. शेततळं कशाने भरायचं याचा नियम ठरावात नसेल, तर बाकीच्या ठरावाला फारसा अर्थ नाही.

चराईबंदी मेंढपाळांना वगळून करू नका

माळावर चर खणले, झाडं लावली, चराईबंदीचा ठराव केला. त्या माळावर दरवर्षी ज्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरतो त्या धनगरांना हे कळतं ते थेट मेंढरं घेऊन आल्यावर. मग काठ्या निघतात. मेंढपाळ मतदार यादीत नसतो, पण त्याचा रस्ता गावाच्या नकाशाइतकाच जुना असतो. त्याच्याशी व्यवहार होऊ शकतो, कारण आपल्यालाही त्याची गरज असते. खळी झाल्यावर रानात मेंढ्या बसवल्या की मिळणारं खत शेतकऱ्याला हवंच असतं. सगळा माळ एकदम बंद न करता तिसरा-चौथा हिस्सा आळीपाळीने बंद ठेवा, जनावरांच्या वाटा आणि पाणवठा मोकळा सोडा, आणि वाडा येण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या म्होरक्याला फोन करा.

ठराव आहे, पण पाळत कुणी नाही

इथून पुढे नेहमीच्या अडचणी, जशा येतात तशा.

सामाईक विहिरीवर पाळीवरून रोज वाद. बहुतेक वेळा दोष माणसांचा नसतो, लाइटीचा असतो. चार आणे हिस्सेवाल्याची पाळी सोमवारी, आणि नेमकी सोमवारी लाइट दोनच तास. त्याला वाटतं आपण लुटले गेलो. पाळी वारावर लावू नका, मोटार चाललेल्या तासांवर लावा. स्टार्टरजवळ तास मोजणारं साधं मीटर बसतं. दिवसा लाइट आणि रात्री लाइट असे आठवडे असतील, तर रात्रपाळीही फिरती ठेवा. नाहीतर एकच माणूस वर्षभर विंचवाकाट्यात दारं धरतो.

बोअरबंदीचा ठराव, तरी रात्री गाडी येते. नुसत्या बंदीने हे थांबत नाही. ज्याची विहीर आटली त्याला पाणी कुठून मिळणार, हे ठरावात आहे का? सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादला शेतीच्या बोअरवर बंदी टिकली, कारण तिथे सामाईक विहिरींची सवय आधीपासून होती. पर्याय असलेला माणूस नियम पाळतो. कायद्याचाही आधार घ्या: २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. हे बोअरगाडीच्या एजंटाला आधीच लेखी कळवलेलं बरं.

मोठा बागायतदार ऐकत नाही. पहिल्याच वेळी पाच हजारांचा दंड लावाल तर तो भरणार नाही, आणि एकदा दंड बुडाला की ठराव संपला. सुरुवात छोट्या दंडाने आणि ग्रामसभेत नाव वाचून करा, पुन्हा घडलं तर वाढवत न्या. एक अट मात्र पाळा: पहिला दंड सरपंचाच्या भावकीतल्या माणसाला बसला असेल, तर तोही वसूल झाला पाहिजे. गाव त्यावरच सगळं जोखतं.

कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडच्या ओझरच्या शेतकऱ्यांची १९९० च्या आसपास हीच रड होती. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी एकराऐवजी घनमीटरवर मोजून घेतलं, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाच्या संस्था एका छत्राखाली आल्या. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात संस्थेच्या समितीवर मुख, मध्य आणि शेपट अशा तिन्ही भागांतले सदस्य घ्यायला सांगितलं आहे, ते उगाच नाही. तुमच्या पाणी समितीतले सगळे एकाच वस्तीतले असतील, तर ठराव कितीही चांगला लिहा, खालचा भाग तो मानणार नाही.

वरच्या गावाने नाला अडवला. तहसीलमध्ये अर्ज देण्याआधी दोन्ही गावांनी मिळून नाल्याची शिवारफेरी करा आणि दोन्हीकडच्या चार-चार विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजा. आरोप तिथेच निम्मे होतात. उरलेल्यासाठी बंधाऱ्याच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या कुठल्या तारखेला टाकायच्या यावर बोला. पावसाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत वरच्यांनी फळ्या टाकल्या नाहीत तर खालच्याचंही भरतं.

‘पोलीस बंदोबस्त मागवू’ असं कुणी म्हणालं, तर त्याला लातूर आठवायला सांगा. मार्च २०१६ मध्ये तिथे पाणवठ्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. टाक्यांजवळची गर्दी हटली, पाण्याची वाटणी कशी करायची हा प्रश्न जागेवरच होता.

आणि ठराव लिहिताना ‘पाणी काटकसरीने वापरण्याचे ठरले’ असं मोघम वाक्य लिहू नका. गट नंबर, मोटारीची अश्वशक्ती, पीक, क्षेत्र, कुठल्या विहिरीत किती फूट पाणी उरलं की उपसा थांबणार, पातळी कोण मोजणार आणि वही कुणाकडे राहणार, इतकं सगळं त्यात हवं. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या आणि पुढच्या बैठकीची तारीख.