नॅस नेटवर्कवर सापडत नाही? या चुका टाळा

काल चालणारा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी पेटी) आज दिसत नाही म्हटल्यावर पहिली शंका हार्ड डिस्कवर येते. डिस्क बहुधा ठणठणीत असते, बदललेला असतो आयपी पत्ता. वीज जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला आणि डीएचसीपीने (राउटरमधली आपोआप पत्ते वाटणारी सोय) नॅसला १९२.१६८.१.७ ऐवजी १९२.१६८.१.१२ दिला. विंडोजमधली मॅप केलेली ड्राइव्ह मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत राहते.

यावर बरेच जण नॅसमध्ये जाऊन हाताने पत्ता पक्का करतात, आणि तिथेच खरा घोळ होतो. तो पत्ता राउटरच्या डीएचसीपीच्या टप्प्यातला असेल, तर एखाद्या दिवशी राउटर तोच एखाद्या मोबाइलला देतो. मग नॅस मध्येच दिसतो, मध्येच तुटतो आणि कारण हाती लागत नाही. आमच्या मते सरळ मार्ग एकच: नॅस डीएचसीपीवरच राहू द्या आणि राउटरच्या ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासमोर (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा ओळख क्रमांक) आयपी नोंदवा. दोन लॅन पोर्ट असतील तर प्रत्येकाचा मॅक वेगळा असतो. केबल ज्यात आहे त्याचाच घ्या.

हातानेच पत्ता द्यायचा असेल तर डीएचसीपीचा टप्पा (पत्त्याचा शेवटचा आकडा) समजा १०० ते २०० ठेवा आणि नॅसला ५० द्या. सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, बहुतेक घरी २५५.२५५.२५५.० असतो. गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. गेटवे किंवा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) चुकला तरी घरातल्या फाइली उघडतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. अपडेट थांबतात, घड्याळ जुळत नाही, डिस्क बिघडल्याची सूचना देणारा ईमेलही जात नाही. हा शेवटचा तोटा फार महागात पडतो.

चुकीचा पत्ता देऊन स्वतःच बाहेर अडकलात, तर सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमागचे रिसेट बटण पिनने साधारण ४ सेकंद दाबा आणि एक बीप येताच सोडा. नेटवर्क पुन्हा डीएचसीपीवर येते, ॲडमिनचा पासवर्डही मूळ स्थितीत जातो, डेटाला धक्का लागत नाही. लगेच दुसऱ्यांदा मात्र दाबू नका. त्याने ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकण्याची प्रक्रिया सुरू होते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेले नाही. केबल आणि पोर्ट बदलून पाहा. लॅपटॉप १९२.१६८.०.x वर आणि नॅस १९२.१६८.१.x वर दिसला, तर फायबरवाल्याच्या राउटरमागे तुमचा दुसरा राउटर वेगळे नेटवर्क चालवतो आहे. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळे पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देईल.

कॉपीचा वेग सेकंदाला ११-१२ एमबीवर अडकला, तर जोडणी १०० एमबीपीएसवर आली आहे. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवेत. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून क्रिम्पिंगमध्ये (केबलला टोक बसवताना) उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार सुटली तरी नेट चालू राहते आणि फक्त वेग पडतो. कॅट ५ई ची तयार केबल लावून बघा.

वेगासाठी नॅसचा एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार) ९००० करू नका. स्विच आणि संगणकही त्याच आकड्यावर नसतील तर फोल्डर उघडतो, पण मोठी फाइल कॉपी होताना लटकते. १५०० पुरेसा आहे.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे बाहेरून फाइली बघता याव्यात म्हणून राउटरवर पोर्ट उघडणे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा प्रोग्राम) इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले होते. ४४५ (फाइल शेअरिंगचा) किंवा ५००० (सिनॉलॉजीच्या सेटिंग्जचा) पोर्ट फॉरवर्ड केला असेल तर आजच काढा, आणि राउटरचे यूपीएनपी हे सेटिंग बंद करा. ते चालू असले की नॅस न विचारता पोर्ट उघडू शकतो. बाहेरून यायला वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग) वापरा. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामाईक नॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहक एकच बाहेरचा पत्ता वापरतात. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, टेलस्केल चालते.