वेताळ टेकडीवर निसर्गचित्र काढायला जाताना

पहिले काही दिवस रंगपेटी घरीच ठेवा. वही, ६बी (मऊ, गडद) पेन्सिल, पाण्याची बाटली आणि टोपी एवढंच घ्या. शिकायला येणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा बहुतेकांचा चेहरा पडतो. पण रंग हाताशी असले की माणूस बघायचं सोडून रंगवायलाच लागतो.

जागा एकच ठरवा आणि वर्षभर तिथेच जा. माझी जागा पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीजवळ. समोर कापलेला काळा पाषाण, त्याच्यावर गवत आणि खुरटी झाडं. मान वळवली की दक्षिणेला सिंहगड. तुम्हाला पर्वती, तळजाई किंवा पाषाण तलाव जवळ असेल तर तिथे जा. लांबची जागा निवडली की जाणं होत नाही.

पोहोचल्यावर लगेच वही उघडू नका. आधी उजेड कुठून येतोय ते पाहा. मग डोळे किलकिले करा. पानं, फांद्या, खडे सगळं दिसेनासं होतं आणि गडद-फिके आकार तेवढे उरतात. ते चारच टोनमध्ये मांडा, तळहाताएवढ्या चौकटीत. आकाश नेहमी सगळ्यात फिकं असतं असं मात्र गृहीत धरू नका. जूनमध्ये मागे काळा ढग आणि पुढे ऊन पडलेलं वाळकं गवत असेल, तर गवतच जास्त उजळ दिसतं. असा क्षण समोर आला तर बाकी सगळं बाजूला ठेवून तोच टिपा.

सावल्या सुरुवातीलाच आखून घ्या आणि मग त्यांना हात लावू नका. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. अर्ध्या तासाने सावली बदलली म्हणून तुम्ही चित्रातही बदललीत, तर एकाच चित्रात दोन वेळांचा उजेड येतो आणि ते खोटं दिसतं.

सिंहगड हा माझ्यासाठी हवेचा मापक आहे. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, तेव्हा तो फिकट, जवळजवळ आकाशात मिसळलेला. पहिला दमदार पाऊस पडून गेला की धूळ खाली बसते, कडा स्पष्ट होतात आणि गड अचानक जवळ आल्यासारखा वाटतो. म्हणून दूरचा डोंगर सरसकट निळा करू नका. त्या दिवशी तो कसा आहे ते बघा.

स्केचच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि ढगांचं वर्णन लिहा. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, तेव्हा तोही अशाच नोंदी करायचा. चित्र फसलं तरी नोंद उपयोगी पडते.

रंग घ्याल तेव्हा थोडेच घ्या. पाषाणासाठी काळा रंग नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा वाढवला की सावलीतला दगड, तपकिरी वाढवला की उन्हातला. श्रावणातला हिरवा अवघड आहे, आणि ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला की चित्र कच्चं दिसतं. त्यात किंचित बर्न्ट सिएना घाला. फेब्रुवारीत गिरिपुष्पाचा फिकट गुलाबी बहर येतो. तिथे कागद कोरा राखून अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या जलरंगाचा थर, द्या.

एप्रिल-मेमध्ये वॉश बघता बघता वाळतो, म्हणून ३०० जीएसएमचा (जाड) कागद आधी ओला करून घ्या. जुलैत उलट, तो वाळतच नाही. तेव्हा पेन्सिलनेच काम करा. ब्रश धुतलेलं पाणी बाटलीत भरून घरी आणा, गवतावर ओतू नका. काही रंगांत कॅडमियम आणि कोबाल्ट असतं.