धुऱ्यावर तणनाशक मारण्याआधी

पोळा आला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर येते आणि फवारणीचे पंप बाहेर निघतात. पोळ्याच्या अमावस्येला अळीची अंडी पडतात, हे आपल्याकडे जुने लोक सांगत आलेत, धास्ती असतेच. मग हातासरशी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावरही, तणनाशक मारलं जातं. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा निदान एक धुरा किडी खाणाऱ्या मित्रकीटकांसाठी तसाच राहू द्या.

मागच्या हंगामात एका वावरात गेलो तर दादा पंप भरत होते. मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीपेक्षा त्यांना भीती वाटत होती पानावरच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी अळीची. ती ढालकिड्याची अळी होती. आम्ही तिथंच तासात बसून पाहिलं, तर ती एकेक मावा धरून फस्त करत होती. शेजारच्या पानावर केसासारख्या बारीक देठांवर पांढुरकी अंडी उभी होती, ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची. फुगलेला, तपकिरी, जागीच वाळलेला मावा दिसला तर त्याच्या पोटात परोपजीवी माशी वाढते आहे असं समजा आणि ते पान तोडू नका.

क्रायसोपाची आणि सिरफिड माशीची अळी शिकार करते, पण मोठी झाल्यावर तिला फुलांतला मकरंद आणि पराग लागतात. परोपजीवी माश्यांनाही मकरंद हवाच. पऱ्हाटी फुलायच्या आधी तो मिळतो धुऱ्यावरच्या एकदांडीत, कुर्डूत, रानतुळशीत, पुढे नाल्याकाठच्या बोरीवर. म्हणून ही झाडोरा राखायची गोष्ट आहे, आळसाची नाही. गाजरगवत आणि पेटारी मात्र उपटाच. पिठ्या ढेकूण ही कीड त्यांच्यावर मुक्काम करते.

फवारणी मोजून करा. एकरी 20 झाडं, प्रत्येकाची वरची, मधली, खालची अशी 3 पानं उलटून पाहा. पानामागे मावा 10 किंवा तुडतुडे 2 ते 3 भरत नसतील तर थांबा. किडी वाढायला लागल्या तरी आधी 5 टक्के निंबोळी अर्क घ्या. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग 3 रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आले तरच रासायनिक औषधाकडे वळा. एका पंपात दोन-तीन औषधं कालवू नका. मित्रकीटक तर जातातच, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरता कामा नये.

संत्र्याच्या बागेत सगळं गवत एकदम कापू नका. एक ओळ आज, शेजारची पंधरा दिवसांनी, म्हणजे सिला ही रस शोषणारी कीड खाणाऱ्या ढालकिड्यांना आसरा राहतो.

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या धुऱ्यावर तूर लावायची रीत आहे, ती सोडू नका. बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, कोळी आणि चतुर रोज किडी टिपतात. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, म्हणून फवारणीचा पंप बोडीत, म्हणजे शेततळ्यात, धुऊ नका.

तूर फुलली की मधमाश्या दिवसभर वावरात असतात. तेव्हा फवारायची वेळ आलीच तर ऊन उतरल्यावर, त्या पोळ्याकडे परतल्यावर फवारा.