व्ही-क्रॉसची पॉवर वाढवायचीय? आधी होज तपासा
इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपच्या 1.9 लिटर डिझेल इंजिनला मुळातच 163 पीएस पॉवर आणि 360 एनएम टॉर्क (ओढायची ताकद) आहे, तरी घाटात लोड घेऊन चढताना अजून दम हवा असेल तर खरा फरक ईसीयू रिमॅपनेच, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग (मॅप) बदलूनच पडतो, नुसतं इनटेक (हवा आत घेणारा भाग) नाहीतर मोठा सायलेन्सर लावून आवाजच जास्त वाढतो. पण त्याआधी इंजिन थंड असताना टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) यांच्यामधले होज, म्हणजे पाइप, हाताने चाचपा, जॉइंटपाशी ताजं ओलं ऑइल लागलं तर बूस्ट लीक, म्हणजे टर्बोची दाबाची हवा गळत असू शकते, कधीकधी क्लॅम्प आवळूनच काम होतं. रिमॅपनंतर काळा धूर आला तर मॅप लगेच बदलून घ्या, नाहीतर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो. आणि डीपीएफच काढून टाकू म्हणणाऱ्याकडे गाडी अजिबात देऊ नका, ते बेकायदेशीर आहे.