मानधनाच्या व्हाउचरवर सही करण्याआधी

दिवाळी अंकाला पहिल्यांदा लेख देणारा हमखास विचारतो, 'कॉपीराइट कसा घ्यायचा?' तो घ्यावा लागतच नाही. लेख लिहून झाला की तो तुमचाच. 1957च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. वाद झालाच तर ती पुरावा म्हणून कामी येते, एवढेच. लेख स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवा, असा सल्ला अजून दिला जातो. त्याच्या नादी लागू नका. लेख जोडून संपादकांना पाठवलेली ई-मेल तारखेसकट जपून ठेवणे कितीतरी बरे.

खरा खड्डा पुढे आहे. त्यावर मी लांबण लावणार आहे, कारण त्यातून वर येताना काय दमछाक होते ते मला ठाऊक आहे.

अंक निघून जातो, मग कधीतरी मानधनाचे व्हाउचर येते. रक्कम, पॅन, बँक खाते, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: 'सदर साहित्याचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' पैसे येणार म्हणून सही होऊन जाते. तुमच्या लेखी ती पावती. पण त्याच कागदाने तुम्ही हक्कही लिहून दिले, असा दावा उद्या होऊ शकतो. कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी लागते आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. अंकात 'सर्व हक्क सुरक्षित' छापले म्हणून तुमचे हक्क जात नाहीत. फोनवर 'हो, छापा' म्हटल्यानेही जात नाहीत. सहीने जातात. आणि हे त्या दिवशी कळत नाही. काही वर्षांनी लेखसंग्रह निघायची वेळ येते, पुस्तकाचा प्रकाशक विचारतो, 'या लेखाचे हक्क तुमच्याकडेच आहेत ना?' तेव्हा ती ओळ आठवते.

सही झाली असेल तरी हातपाय गाळू नका. आधी तो कागद शोधा आणि तारीख बघा. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर 5 वर्षांचे धरले जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. मिळालेला एखादा हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर कागदात वेगळे ठरलेले नसल्यास तो तुमच्याकडे परत येतो. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द असतील तर मात्र कागद वकिलाला दाखवा. संपादकांकडे हक्क परत मागता येतात, पुष्कळदा मिळतातही. पण त्याचेही सहीचे पत्र घ्या, तोंडी 'वापरा हो' वर थांबू नका.

हे सगळे टाळायला लेखासोबतच्या ई-मेलमध्ये दोन वाक्ये पुरतात: 'हा लेख यंदाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे. ई-आवृत्ती, ऑडिओ, अनुवाद आणि पुस्तकातील समावेश यांचे हक्क माझ्याकडे राहतील.' ई-आवृत्ती द्यायची असेल तर तसे लिहा. व्हाउचरवरची ती ओळ खोडा, शेजारी सही करा, 'फक्त मानधन मिळाल्याची पावती' असे लिहा आणि पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा. नवख्याने हक्कांची भाषा करू नये, दारे बंद होतात, असे बजावणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांच्याकडून लेखन जरूर शिका, हा सल्ला घेऊ नका. संपादकांना बहुधा एवढेच हवे असते की लेख आधी कुठे आलेला नसावा आणि अंक बाजारात असेपर्यंत दुसरीकडे दिसू नये. ती मागणी रास्त आहे, पाळा. एकच लेख दोन अंकांना न सांगता पाठवणे ही शुद्ध फसवणूक आहे.

मासिकात पगारी नोकरी असेल तर गणित बदलते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा. बाकीचे हक्क, वेगळा करार नसेल तर, लिहिणाऱ्याचेच. बाहेरून लिहिणाऱ्याला हा नियम लागू नाही.

आणि हक्क दिले तरी नाव देत नाही आपण. लेखावरून तुमचे नाव काढले, किंवा लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड केली, तर कलम 57 तुमच्या बाजूने आहे.

दुसऱ्याचे लेखन वापरताना हाच कायदा तुमच्यावर उलटतो. 'चार ओळींपर्यंत चालते' असा नियम कायद्यात कुठेही नाही. रसग्रहणात चर्चेपुरत्या ओळी कवीच्या नावासह घेता येतात; अख्खी कविता घ्यायची तर परवानगी काढा. अनुवादाची परवानगी अनुवाद करण्याआधी, लेखी. नेटवरून उचललेल्या फोटोखाली 'साभार' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे मोजतात: साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य 2011 पासून मुक्त आहे, कुसुमाग्रज 1999 साली गेले, म्हणून त्यांच्या कवितेसाठी 2059 अखेरपर्यंत विचारावे लागेल. हक्क वारसांकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे शोधण्यातच बराच वेळ जातो, तेव्हा लेख द्यायच्या आदल्या आठवड्यावर हे काम ठेवू नका.